झिपरूचा नववा महिना

"पोट जरा वर घे. फोटोत दिसलं पाहिजे," आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले.

झिपरूने लुगड्याच्या आतली उशी वर ओढली. पदर मिशीवर घेतला. आज बाळंतपणाच्या गाडीची रंगीत तालीम होती. फोन केल्यावर गाडी पेठ तालुक्यातल्या या पाड्यावर किती मिनिटांत पोचते, ते बघायचं होतं. गरोदर बाई म्हणून झोपायला कुणी तयार नव्हतं. ज्या खरंच गरोदर होत्या, त्यांना तो अपशकुन वाटला. बाकीच्या द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेल्या होत्या. झिपरू आपणहून पुढे आला. लुगडंही त्याने घरूनच आणलं.

"कितवा रं, झिपरू?" म्हाताऱ्या फुलाबाईने विचारलं.

"नववा."

सगळे हसले. मग फुलाबाईने लुगडं ओळखलं आणि त्याचा पदर नीट करून दिला.

गाडी बावीस मिनिटांत आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. झिपरूला आत घातलं, साहेब पुढे बसले. डांबरी रस्ता लागतो त्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

"झाली तालीम. उतर."

गेल्या पावसाळ्यात झिपरूची बायको भागीबाई याच वळणावर पोटातल्या बाळासकट गेली होती. चौघांनी तिला झोळीतून इथवर आणलं होतं. गाडी आली नव्हती.

"मी नाय उतरणार," झिपरू म्हणाला.

"अरे, तुला काय झालंय?"

"नववा लागलाय. दवाखान्यात न्या."

साहेब ओरडले. ड्रायव्हरने पाय ओढून पाहिले. झिपरूने दोन्ही हातांनी स्ट्रेचर धरलं. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

"जाऊ द्या साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "गाडी तिकडंच जायची हाय. एक बाळंतीण जास्त."

दवाखाना तिथून पंधरा मिनिटांवर होता. फक्त पंधरा.

दारात साहेबांनी फॉर्म काढला. "पेशंटचं नाव काय टाकू?"

"भागीबाई झिपरू गावित."

साहेबांनी लिहिलं. खालची ओळ आधीच छापलेली होती.

"आता तरी उतर."

"काय लिवलं ते वाचा."

साहेबांनी वैतागून वाचलं, "भागीबाई झिपरू गावित. वेळेत दाखल. माता व बाळ सुखरूप."

झिपरूने उशी पोटाशी घट्ट धरली.

"परत एकदा वाचा," तो म्हणाला.