ट्रॉयने आखलेली शिकार

अपंगांसाठी हरणाच्या शिकारीची सहल आखण्यात ट्रॉयने सहा महिने घालवले होते, आणि हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता. लपून बसायच्या खोपीला उतार त्याने बांधला, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून चाकांच्या खुर्चीला नारिंगी फडकं त्याने गुंडाळलं, आणि खुर्चीत बसलेल्या आर्डिसबाई 'फार जिद्दीच्या' आहेत हेही त्यानेच ठरवून टाकलं. पाय जाण्याआधी बाईंनी मिनेसोटाच्या याच रानात एकतीस हरणं मारली होती. ते विचारायचं तेवढं त्याच्या यादीत नव्हतं.

उजाडताच झाडीतून मोठ्या शिंगांचा एक नर बाहेर आला. बाईंनी श्वास रोखला, बंदूक खांद्याला लावली.

"थंडी नाही ना वाजत, बाई?" ट्रॉय म्हणाला. नर दोन उड्यांत गायब.

तासाभराने दुसरा आला. "कॉफी घेणार?" म्हणत ट्रॉयने थर्मासचं झाकण खडखडवलं. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी ट्रॉयच्या पायांना मुंग्या आल्या म्हणून तो उठून ते झटकू लागला.

बाई तसूभरही हलल्या नव्हत्या.

परतताना ट्रॉयने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "वाईट नाही हं वाटून घ्यायचं. पुढच्या वर्षी आणखी छान आखू."

"पुढच्या वर्षी मी आखते," बाई म्हणाल्या. "शिकारीत दिवसभर एका जागी गप्प बसायचं असतं. ज्या बिचाऱ्यांना तेवढंही जमत नाही, त्यांच्यासाठी सहल. पहिलं नाव तुझं घालते."