विदादचा डबा

सासूबाईंनी बदामकडीचा, त्या बदाम भरलेल्या गोल मिठाईचा, तुकडा तोडला, चावला आणि उरलेली कडी ताटलीत परत ठेवली.

"ही मनूबियाच्या हातची?"

"हो तर," विदाद म्हणाली. "या ईदला बाहेरचं काही आणलंच नाही, अम्मा. सगळं आपल्या गल्लीतलं."

तसं जिन्याच्या तोंडाशी लिहिलेलंच होतं. तो कागद विदादनेच आपल्या वळणदार अक्षरात लिहून चिकटवला होता. खोकी नकोत, प्लास्टिक नको, आपापले डबे न्या, आणि मिठाई काय, भेटवस्तू काय, आपल्या झग्वान गावातल्या दुकानांतूनच घ्या. इमारतीतल्या बायका मुकाट डबे घेऊन गेल्या. विदादच्या तोंडी कोण लागणार! गल्लीत मिठाई करून विकणाऱ्या मनूबियामावशीकडे सगळ्यांत आधी पोचला तो विदादचाच निळा पत्र्याचा डबा. भरून ठेव, ईदच्या आधी नेते, असं सांगून आली होती.

मग ती ट्यूनिसला गेली आणि तिथल्या मॉलमध्ये बदामकड्यांची सोनेरी खोकी दिसली. लाल रिबीन, एकावर एक फुकट. घेतली. मावशीच्या घराची वाट चढणीची, त्यात रोजा. उद्या जाऊ म्हणता म्हणता ईद उजाडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! सकाळी तिने खोकी मोरीच्या कट्ट्याखाली कोंबली आणि आतल्या कड्या मातीच्या ताटलीत मांडल्या. मातीच्या ताटलीत काहीही घरचंच दिसतं.

"मग हात बिघडला गं तिचा," सासूबाई म्हणाल्या. "गुलाबपाण्याचा वास नाही, बदामाच्या नावानं साखर, आणि हे तूप तरी आहे का? ट्यूनिसहून निघाल्यापासून तिच्या कड्यांसाठी जीभ सोकावली होती माझी. सलमाच्या लग्नाच्या मिठाईचं काम तिला द्यायचं ठरवलं होतं आपण. या कड्या ठेवू व्याह्यांपुढे? नाक कापून घ्यायचंय?"

विदादने कॉफीचा पेला खाली ठेवला. नणंदेच्या लग्नाचं ते काम मावशीला मिळणार, हे तिनेच मावशीला सांगितलं होतं. मावशीने लगेच बदामाचं पोतं उचललं होतं आणि गल्लीभर सांगत सुटली होती, की आता हिवाळ्याची काळजी मिटली.

सांगून टाकावं. एवढंच तर म्हणायचं होतं, की अम्मा, या मॉलमधल्या आहेत.

ईदचा दिवस, दार सताड उघडं. दारात मनूबियामावशीच उभी राहिली. अंगावर पांढरी चादर, हातात खजुरीच्या पात्यांची टोपली, जिना चढून आल्यामुळे धाप लागलेली.

"ईद मुबारक! लेल्ला झुहरा, आहात होय अजून? मला वाटलं, ट्यूनिसनं गिळलं तुम्हाला!"

"गिळेल कसलं, मी अडकेन त्याच्या घशात," सासूबाई हसल्या. मग त्यांनी ताटली पुढे केली. "मनूबिया, सणाचं बोलू नये, पण तुझी माझी ओळख जुनी. हे काय करून ठेवलंस?"

मावशीने ताटलीकडे पाहिलं. मग विदादकडे पाहिलं. या कड्या तिच्या नव्हत्या; आपलं पोर ओळखायला आईला कितीसा वेळ लागतो? विदादचे कान तापले. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मावशीने टोपली हळूच पाठीमागे घेतली.

"या खेपेला हात बिघडला, लेल्ला," ती म्हणाली. "वय झालं. माफ करा."

"अगं, माफी कसली. पण मग लग्नाचं..."

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा. पोरीचं लग्न आहे, उणं राहायला नको."

ती कॉफीलाही थांबली नाही. विदाद अनवाणीच जिन्यात धावली.

"मावशी, ऐक ना, मी..."

"तुझा डबा राहिला होता माझ्याकडे." मावशीने टोपलीतून निळा डबा काढून तिच्या हातात दिला. डबा जड होता. "आली नाहीस, तेव्हा वाटलं, आजारीबिजारी पडलीस की काय. म्हणून मीच निघाले."

"मी आत्ता जाऊन सांगते अम्मांना."

मावशी थोडी थांबली. वरून सासूबाईंची हाक आली, "विदाद, कॉफी गार झाली गं!" विदादचा पाय काही उचलला नाही.

"राहू दे," मावशी म्हणाली. "फक्त आत्ता उघडू नकोस. पाहुणे गेल्यावर उघड. नाहीतर विचारतील, एकाच हाताला दोन चवी कशा."

आणि ती कठड्याला धरून, एकेक पायरी करत उतरून गेली.

विदाद मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. डबा मोरीच्या कट्ट्याखाली, सोनेरी खोक्यांच्या शेजारी सरकवताना तिला राहवलं नाही. तिने झाकण उघडलं, एक कडी उचलली. ती तोंडात घालायची तिची हिंमत होईना. स्वतःची एवढी किळस तिला कधी आली नव्हती. तिने कडी परत ठेवली, झाकण दाबलं आणि ताजी कॉफी घेऊन बाहेर आली.

सासूबाईंनी पेला घेतला आणि तिचं मनगट धरलं. नाकाशी नेलं.

"हा! हाच तो वास! मनूबियाच्या कड्यांना यायचा तो हाच," त्या म्हणाल्या. "कुठनं आणलास गं?"

विदादने हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.