गाळलेलं वाक्य

तुडीलच्या जत्रेतल्या जुन्या नाटकात जानू संशयी नवरा झाला होता आणि विंगेत पुस्तक धरून त्याची बायको मैना त्याला वाक्यं पुरवायला उभी होती. पहिल्या दोन अंकांत त्याला एक शब्दही पुरवावा लागला नाही. मैना वीर स्टेशनवरून घरी आली, की "रिक्षावाला कोण होता गो?" असं दरडावण्यात त्याची हयात गेली होती.

शेवटच्या अंकात नाटकातल्या बायकोची क्षमा मागायचं वाक्य आलं. मैनाने ते दोनदा पुरवलं.

"गप गो! ते मी गाळलंय," जानू दातओठ खात पुटपुटला आणि नेमका पुढचं वाक्य विसरला. समोर अख्खा गाव बसलेला. त्याने घाबरून विंगेकडे पाहिलं.

 

मैनाने पुस्तक मिटलं. "आधी ते गाळलेलं बोला."