बेचाळीस रकाने

ऑफिसात ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी बनवलेल्या जुन्या साहसी व्हिडिओ गेममधले सुरुवातीलाच भरायचे बेचाळीस रकाने नव्या डिझायनर मुलीने पडद्यावरून उडवले. काका तडकले, "माझ्या मेहनतीचा पार भुगा केलास. आता मांजरसुद्धा खेळेल!"

"मांजर कशाला, तुमच्या आईंनाच बसवू की," ती म्हणाली.

आईने आजवर पहिल्या पानावरच हात टेकले होते. "शक्तीला किती गुण, चपळाईला किती, मला मेलीला काय ठाऊक?" या वेळी गेमने फक्त नाव विचारलं. ती कुठे फसते याची वाट बघत काका मागे उभे राहिले.

वेशीवर पहारेकऱ्याने अडवलं. आईने तलवारीला हातही न लावता कुडकुडणाऱ्या त्या माणसाला आपलं पांघरूण दिलं. तो ओक्साबोक्शी रडला आणि त्याने दार उघडलं.

काका चपापले. "हे तू ठेवलंस?"

"एकूण एक रकाना आत ठेवलाय, काका. खेळणारा वागेल तसे गुण तेवढे आता कॉम्प्युटर भरतो."

"अरे, हा एवढा का रे रडला?" आईने वळून विचारलं.

काका खुर्ची ओढून आईशेजारी बसले. तो प्रसंग त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिला होता आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी तिथवर पोचलं होतं. दयेच्या रकान्यात आजवर एकाही खेळाडूने गुण टाकले नव्हते.