सदबर्गची पाठ

“गाठ दोनदा मार,” गुलरुह मुलीच्या कानाशी पुटपुटली. “आणि पाठ चोळायला बोलावलं, तर ताप आलाय म्हणून सांग.”

“एवढ्या वाफेत कुणाला नाही आलाय ताप, आई?”

“जीभ आवर. सासूपुढं असं बोललीस तर झालंच.”

सदबर्गनं पंचा काखेखालून घट्ट गुंडाळला. बुखाऱ्याच्या जुन्या हमामात मंगळवार बायकांचा. घुमटाखाली वीसेक जणी ओल्या दगडांवर बसून अंग घाशीत होत्या, सुनांची उणीदुणी काढत होत्या. पलीकडच्या ओट्यावर मुलाची आई, मस्तुरा खाला, बसली होती. गुडघ्यांवर हात, नजर खाली. तिनंच निरोप धाडला होता, रोटी मोडायच्या आधी मुलगी एकदा हमामात भेटू दे. जुनी रीतच ती. नाही म्हटलं असतं, तर काय लपवताय, असं झालं असतं.

उद्या दोन्ही घरची माणसं मिळून रोटी मोडणार होती. रोटी मोडली की सोयरीक पक्की.

लपवण्यासारखं होतंच. सदबर्ग सहा वर्षांची असताना पिलावाच्या कढईतलं कढत तेल तिच्या पाठीवर सांडलं होतं. मानेपासून कमरेपर्यंत कातडी आक्रसून गेली होती. त्याला आता चौदा वर्षं झाली. आईखेरीज ती पाठ कुणी पाहिली नव्हती.

“नवऱ्याला कळेलच की,” सदबर्ग काल म्हणाली होती.

“दिवा मालवल्यावर पाठ कोण बघतं? बावीस वर्षं संसार केला मी. तुझ्या बापाला माझ्या गुडघ्यावरचा तीळ ठाऊक नाही.”

सदबर्गला हे लग्नच नको होतं. समरकंदच्या नर्सिंग शाळेत तिचं नाव लागलं होतं. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. पण बापानं सांगून टाकलं होतं, एवढं मोठं घर आपण होऊन दारात आलंय, आपल्याकडून नकार जाणार नाही. म्हणजे तो तिकडूनच यायला हवा होता. पहाटेच्या नमाजला कपाळ टेकताना तिनं मनाशी ठरवलं. लाज एकदाच जाईल, मग सुटका.

“ये ग पोरी, पाठ चोळून देते,” खालानं हाक मारली.

गुलरुह झटकन मध्ये आली. “तिला जरा कणकण आहे, खाला. आणि लाजाळूही फार.”

“असावंच. आम्ही तर अंधारातसुद्धा डोळे मिटून घ्यायचो.”

“तरी सात पोरं झालीच की, खाला,” वाफेतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

त्या हशातच सदबर्ग उठली. दुसरी गाठ काही केल्या सुटेना. शेवटी तिनं पंचा ओढूनच काढला आणि सगळ्यांकडं पाठ करून उभी राहिली.

हसणं विझलं. पाण्याचे आवाजही थांबले. गुलरुहनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वीस जणींची नजर सदबर्गला पाठीवर टोचत होती. तरीही कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. आता म्हातारी नाक मुरडेल, शाल उचलेल, चालायला लागेल.

ओल्या दगडांवर पावलं वाजली. एक जड हात तिच्या मानेवर टेकला आणि सावकाश कमरेपर्यंत फिरला, बाजारात कापडाचा पोत बघावा तसा. मग मस्तुरा खालानं खाली पडलेला पंचा उचलला, तिच्याभोवती लपेटला आणि स्वतःच्या हातानं गाठ मारली.

“रडतेस काय, गुलरुह?” ती म्हणाली. “चौदा वर्षं जी पोर हमामात पंचा सोडत नाही, तिच्या अंगावर काहीतरी आहे हे मला कळत नव्हतं का? म्हणून तर सगळी वस्ती सोडून तुझ्या दारात आले. उद्या रोटी मोडू. थोरल्यासाठी देखणी आणली होती, ती वर्षभरात निघून गेली. ही कुठं जातेय?”