महेमूदची पकड

अंबडच्या महेमूदनं एकदा मनगट धरलं की ते सुटत नाही, असं अख्खी पंचक्रोशी म्हणायची. ती पकड तोडायची म्हणून धर्मराज वर्षभर तालमीत वाळूनं भरलेल्या घागरी नुसत्या बोटांनी काठाला धरून उचलत होता. रात्री भाकरी मोडायलाही बोटं वळत नसत.

राजूरच्या आखाड्यात महेमूदनं त्याचं मनगट धरलं आणि ते पहिल्याच हिसक्याला सुटलं. धर्मराजनं त्याला चितपट केलं. लोकांनी मानाचा फेटा बांधला. मनगटाची माती पुसताना त्याला रक्त दिसलं, पण जखम कुठंच नव्हती.

महेमूद लिंबाखाली एकटाच बसला होता. दोन्ही तळहात सोलून निघालेले.

"हे कवा झालं?"

"काल. गाळ काढायला विहिरीत माणूस उतरल्ता, त्याचा दोर सुटून पळाला. मी धरला, अन् तो वर येस्तोर सोडला न्हाई."

"मंग आज कशाला उतरलास?"

"तुला जबान दिल्ती."

धर्मराजनं डोक्यावरचा फेटा उतरवला, मधोमध फाडला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"हात पुढं करा, उस्ताद."