इराच्या नकला

इराला दहावीत अठ्ठ्याण्णव टक्के पडले, म्हणून आजोबा पेढे घेऊन गावाहून आले. "आता एक झकास नक्कल होऊन जाऊ दे!" ते म्हणाले.

इरा गोंधळली. "मला कुठे नकला येतात, आजोबा?"

इराची आई प्रज्ञा घाईघाईने पेढ्यांचा पुडा सोडू लागली. नकलांच्या नादात पोरीचं अभ्यासात लक्ष लागत नाही, म्हणून तिनेच कुणालाही न सांगता दवाखान्यात नेऊन इराच्या मेंदूतून तो छंद पुसून घेतला होता. पुसलेलं परत आणता येत नव्हतं.

"आई, मी खरंच नकला करायचे? कशा?"

प्रज्ञा उठली आणि इरा करायची तशी शेजारच्या काकांची नक्कल करू लागली. नक्कल साफ फसली. आजोबांनी मान खाली घातली.

इरा मात्र खळखळून हसली. "आई, किती छान करतेस गं तू! मलाही शिकव ना."

प्रज्ञाला तिच्याकडे बघवेना.